मनोरमेची आई

मुलांच्या अंगी दया बाणावी कशी? पंडिता रमाबाईंच्या घरचा धडा पाहण्यासारखा आहे. मनोरमेचा जन्म १८८१ चा. दुसऱ्याच वर्षी वडील वारले. १८८३ साली इंग्लंडात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले आणि एकुलत्या लेकीची आई कितीतरी बालविधवांची आई झाली. पुढे दुष्काळात केडगावला शेकडो मुली आल्या. मनोरमेच्या वाट्याची आई अशी वाटली गेली. पोर रुसून बसती, तर नवल नव्हते. पण तिनेच पुढे केडगावच्या अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकविले! १९२१ साली ती आईच्याही आधी गेली. वाचकहो, यंदा फराळाचे पहिले ताट शेजारच्या पोरक्या मुलाला आपल्या मुलाच्याच हातून द्या.