मक्ता हरवलेली गझल

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. वैनगंगेच्या दोन तीरांवर दोन्ही जिल्हे आपापल्या पायांवर उभे राहिले. संगणकातल्या फाइलीचे तुकडे मात्र असे स्वतंत्र जगत नाहीत.

2001 साली अब्बांची गझलांची वही स्कॅन करून मी गडचिरोलीला आपाकडे पाठवली. फ्लॉपीत जेमतेम 1.44 एमबी मावे. म्हणून फाइल दाबून पाच तुकडे केले. जागेसाठी मूळ फाइल पुसली. चौथी फ्लॉपी वाटेत बिघडली. आधीची पाने कशीबशी निघाली, पुढची गेली. त्याच पावसाळ्यात वहीला वाळवी लागली.

फिल कॅट्झ यांची झिप 1989 ची, युजीन रोशाल यांची रार 1993 ची. पुन्हा येणारा मजकूर एकदाच ठेवून पुढे त्याची नुसती खूण करायची. गाण्यात आपण धृपदाची करतो तशी. म्हणून मधला तुकडा गेला की पुढच्या खुणा निराधार होतात.

सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत, नावे बदलू नयेत, पहिलाच उघडावा. आधी 'टेस्ट' करावी. अनोळखी फाइल व्हायरससाठी तपासावी. विनरारही अद्ययावत हवे. 2023 मध्ये त्यातल्या त्रुटीचा हल्लेखोरांनी फायदा घेतला होता. आणि पलीकडे फाइल नीट उघडेपर्यंत मूळ प्रत पुसू नये.

अब्बांच्या शेवटच्या गझलेचा मतला माझ्याकडे आहे. मक्ता नाही. शायराचे नाव मक्त्यातच असते.