नांदायला आलेल्या बायांचा भूगोल



आजचा विषय आहे मानवी भूगोल. नाव जड वाटतं, पण गोष्ट आपल्या ओसरीवरचीच आहे. ऐकता ऐकता एक काम करा. तुमच्या गटात आत्ता दहा-बारा जणी बसल्या असतील, तर त्यातल्या किती जणी याच गावात जन्मल्या ते मोजा. वालूर असो, सेलूकडचं गाव असो की जिंतूरकडचं, एखाद-दुसरीच निघेल. बाकीच्या सगळ्या नांदायला आलेल्या. आता हाच प्रश्न घरातल्या पुरुषांना विचारा. बहुतेक जण इथंच जन्मले, इथंच वाढले. म्हणजे सातबारा ज्यांच्या नावावर आहे ते जागचे हललेले नाहीत, आणि चूल, गोठा, खुरपणी, वेचणी जिच्या अंगावर आहे ती दुसऱ्या गावाहून आलेली.

शाळेत भूगोल म्हणजे नद्या, डोंगर, खनिजं, राजधान्या. मानवी भूगोल वेगळं विचारतो. माणसं कुठं राहिली, तिथंच का राहिली, तिथून का उठली आणि उठताना बरोबर काय घेऊन गेली? पहिल्या दोन प्रश्नांना लोकसंख्या म्हणतात, तिसऱ्याला स्थलांतर आणि चौथ्याला संस्कृती. शब्द एवढेच. आता आपल्या भागाचा इतिहास या चार प्रश्नांनी चाळून बघू.

माणसं राहिली ती पाण्याजवळ. वालूरची बारव तुम्ही पाहिली असेल. बारवेच्या पायऱ्या बहुतेक ठिकाणी सरळ खाली उतरतात. वालूरच्या गोल फिरत, चक्रासारख्या खाली जातात. अशी बांधणी फार थोड्या ठिकाणी दिसते. कितीतरी वर्षं ती गाळानं आणि झाडोऱ्यानं भरलेली होती, गावकऱ्यांनी ती मोकळी केली. बांधकामाचं कौतुक सगळे करतात, करावंच. पण त्या पायऱ्या झिजल्या कुणाच्या पायांनी? डोक्यावर एक, कमरेवर एक घागर घेऊन दिवसातून चार वेळा चढणाऱ्या बायांच्या. आणि हेही बोललं पाहिजे की जुन्या काळी गावोगावच्या पाणवठ्यावर सगळ्याच बायांना उतरता येत नव्हतं. कोणी ओंजळीत ओतून दिलं तरच पाणी, नाही तर कोसभर लांब ओढ्यात झिरा खणायचा. गावाची पांढरी कुठं, वाडा कुठं, दलित वस्ती कोणत्या दिशेला, तांडा किती लांब, हा सगळा मानवी भूगोलच आहे. नकाशात तो दिसत नाही. पाण्याच्या वाटेवर दिसतो.

पाणी आटलं की माणसं उठतात, किंवा मरतात. आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८९१च्या शिरगणतीत संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती. १९०१ला ती भरली १ कोटी ११ लाख. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी चार लाख माणूस कमी झालं. मधे १८९७ आणि १९०० या सालांचे दुष्काळ होते. पुढं १९११ ते १९२१ या दहा वर्षांत तर सुमारे नऊ लाख कमी झाले. दुष्काळ होता, प्लेग होता आणि १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ होती. आपल्या पणजीला सात-आठ लेकरं झाली आणि त्यातली दोन-तीनच हाताशी लागली, असं घरोघर सांगतात. ते आकडे आणि पणजीची गोष्ट, दोन्ही एकच आहेत.

१९२१नंतर लोकसंख्या पुन्हा मागं आली नाही. साथी आटोक्यात येत गेल्या, पुढं लशी आल्या, रेशन आलं. २०११च्या जनगणनेत परभणी जिल्ह्यात १८ लाख ३६ हजार माणसं होती. एका चौरस किलोमीटरला २९५. मुंबई उपनगरात हाच आकडा वीस हजारांच्या वर जातो, गडचिरोलीत शंभराच्याही आत येतो. याला घनता म्हणतात. घनता नुसती सांगून काही कळत नाही. तेवढ्या माणसांना काम किती आणि पाणी किती, हे शेजारी ठेवलं तरच कळतं.

आता स्थलांतर. या विषयात मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपला सगळा इतिहास इथंच आहे.

आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात नावाजलेली स्थलांतरित कोण? संत जनाबाई. परंपरा सांगते की ती गोदाकाठच्या गंगाखेडची. बापानं लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवली आणि ती नामदेवांच्या घरची दासी झाली. आजच्या भाषेत बोलायचं तर गरिबाघरची मुलगी परगावी घरकामाला गेली. अशा हजारो गेल्या असतील. हिनं जात्यावर, कांडताना, शेणी वेचताना जे मनात आलं ते अभंगात सांगितलं, म्हणून सातशे वर्षांनी तिचं गाव आपल्याला माहीत आहे.

दुसरे फिरस्ते बंजारा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे तांडे उत्तरेतून दख्खनेत यायचे, फौजांना रसद पुरवायचे. मग १९००च्या सुमाराला निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली, मनमाडहून हैदराबादेकडं जाणारी. सेलू, मानवत, परभणी तिच्यावरच. कापूस गाडीनं मुंबईकडं निघाला, जिनिंग आले, बाजारपेठा वाढल्या. रेल्वेनं सेलूचं भलं झालं असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण त्याच गाडीनं बैलावरचा व्यापार मोडला. तांडे माळावर, डोंगराच्या कडेला स्थिरावले, जिथं जमीन हलकी होती. त्यांच्याच नाती-पणत्या आज कोयता घेऊन बाहेर पडतात.

सगळेच पोटासाठी उठत नाहीत. १९४७-४८मध्ये रझाकारांच्या भीतीनं कितीतरी कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प होते. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झालं, ती कुटुंबं परतली. पण पोलीस कारवाईच्या मागोमाग दुसरी माणसं उठली. रझाकारांशी काही संबंध नसलेली मुस्लिम कुटुंबंही मारली गेली, लुटली गेली. काही गावं सोडून हैदराबादेला गेली, ती तिकडचीच झाली. आपण पहिली गोष्ट दरवर्षी झेंडा लावून सांगतो. दुसरीही सांगायला हवी. गल्लीत दोन्हीकडच्या म्हाताऱ्या होत्या.

आणि मग १९७२. ज्यांनी ते पाहिलं त्या अजून आहेत, त्यांना विचारा. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, लेकरांची सुकडी, खडी फोडून सोललेले हात. त्या वेळी माणसं गावं सोडून चालली होती. सरकारनं गावाजवळ काम काढलं: नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ला कायदा झाला आणि १९७९पासून तो लागू झाला. बाई-पुरुषाला कामाचा दर एकच. मागेल त्याला काम, आणि मागणाऱ्यांत बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. पुढं २००५ला साऱ्या देशासाठी असाच कायदा आला. माझ्या मते मराठवाड्यातल्या बाईनं देशाला दिलेली ही मोठी गोष्ट आहे. दुष्काळी कामावर तीच रांगेत उभी होती.

भूगोलाचे अभ्यासक म्हणतात, स्थलांतराला ढकलणारी कारणं असतात आणि ओढणारी असतात. आटलेली विहीर ढकलते, वाळूजची कंपनी ओढते. (वालूरचा पोरगा वाळूजला, असं आपल्याकडं गमतीनंही म्हणता येईल.) पण कोण जातं हेही बघावं लागतं. कोकणात पुरुष मुंबईला गेला, बाई घरी राहिली. म्हणून २०११ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागं ११२२ बाया होत्या. आपल्या परभणीत ९४७. आपल्याकडं ऊसतोडीला जोडपं जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादम देतो ती जोडीला, आणि देतो बहुधा पुरुषाच्या हातात. म्हणजे बाई अर्धा कोयता. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून पाळीचा त्रास असो की ताप, फडात उतरायचंच. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ला ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एवढ्या जणींना खरंच तेवढा आजार होता का, हा प्रश्न तेव्हा विधिमंडळातही गाजला. आपल्या जिल्ह्यातूनही टोळ्या जातात. पुस्तकात याला हंगामी स्थलांतर म्हणतात.

एवढं सगळं सांगितलं, पण देशातलं सगळ्यात मोठं स्थलांतर यातलं कोणतंच नाही. २०११च्या जनगणनेत भारतात ४५ कोटी माणसं आपलं आधीचं ठिकाण सोडून दुसरीकडं राहत होती. त्यात बाया पुरुषांच्या दुपटीहून जास्त. आणि त्या बायांपैकी साधारण दोन-तृतीयांश जणींचं कारण एकच लिहिलेलं आहे, लग्न. गाजावाजा होतो तो मुंबई-पुण्याच्या गाड्यांचा. खरी गर्दी तुमच्या-माझ्या वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरमधून गेली.

लग्न हे कारण लिहिलं की पुढचं सगळं झाकलं जातं. ती सासरी येऊन कापूस वेचते, म्हशीचं दूध काढते, सोयाबीन काढायला जाते, गट चालवते. पण मोजणीच्या तक्त्यात ती कामासाठी आलेली नसते, आणि पुष्कळदा कामाच्या रकान्यात घरकाम एवढंच पडतं. नांदायला गेली म्हणून माहेरचा तिचा वाटाही गेला, असंही धरलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्रानं १९९४ला आणि केंद्रानं २००५ला हिंदू वारसा कायदा बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्न झालेलं असलं तरीही. तहसीलला हक्कसोडपत्रावर अंगठा देण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

बाई येते ती रिकाम्या हातानं येत नाही. मसाल्याचं प्रमाण, बाळंतिणीचं औषध, देवीचा टाक, कुंकवाची रीत, बोलीतले चार शब्द तिच्याबरोबर येतात. लातूर-धाराशिवकडची सून आणली की ती मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस काढते, शेतात कोप करून पांडव पुजते, आंबिल आणि भज्जी करते. हा सणही तिकडं कर्नाटकातून आलेला. कानडीत तो एळ्ळ अमावस्ये, म्हणजे तिळाची अमावस्या. आपल्याकडच्या घरात पहिल्या वर्षी सासू नाक मुरडते, पाचव्या वर्षी आंबिल वाटीभर जास्त मागते. विहिरीवर साती आसरा मांडतात, तेही माहेराहून सासरी आलेलं असतं.

या वाटांचा सगळ्यात मोठा दस्तऐवज म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही त्यात आहेत. माहेरची वाट, भावाची वाट बघणं, सासरचा उंबरा, पंढरीची वारी हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. निजामाच्या दप्तरात बाईच्या जाण्या-येण्याची नोंद फारशी सापडायची नाही. जात्यानं ती ठेवली. पिठाची गिरणी आली तेव्हा पहाटेचे कष्ट गेले, बरंच झालं. ओव्या मात्र त्याच पहाटेबरोबर गेल्या. गटातल्या कुणाच्या आजीला येत असतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि ओवी सांगणारीचं माहेर कोणतं तेही त्यात बोलून घ्या.

आता एक कामाची गोष्ट. २०२१ची जनगणना करोनामुळं झाली नाही. पुढच्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ धरलेली आहे, आणि माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत व्हायची आहे. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. २०११ला नियम असा होता की ९ ते २८ फेब्रुवारी या सबंध काळात जो घरी नव्हता, त्याला त्या घरात धरायचं नाही, जिथं असेल तिथं मोजायचं. म्हणजे टोळी कोल्हापूरला असेल तर नाव कोल्हापूरच्या फडावर चढायला हवं. तिथं कुणी आलं नाही, की तिथंही नाही आणि वालूरलाही नाही. शाळा, अंगणवाडी, रेशन, दवाखाना यांचा हिशेब याच आकड्यांवरून पुढं वर्षानुवर्षं चालतो. तेव्हा मुकादमाला आधीच विचारून ठेवा की फडावर मोजणीला कोण येणार आहे. मोजणीदार दारात आला की जन्मगाव विचारील, आधीचं गाव विचारील, काम विचारील. शेतात राबत असाल तर शेती सांगा, मजुरी करत असाल तर मजुरी सांगा, घरकाम एवढंच लिहू देऊ नका. आणि घरी मागं राहणाऱ्या सासूबाईंना हे दिवाळीच्या आधीच नीट समजावून सांगा. त्या दिवसांत दारात त्या आणि नातवंडंच असतात.