आधी अर्थ काढायचा

गेल्या रविवारी बोटीच्या बॅटऱ्या बदलल्या. मावशीला फोनवर सांगितलं, "अगं, लेझर बॅटऱ्या बदलत होते," तर ती म्हणाली, "अगं बाई, लेझर कशाला हवाय बोटीवर?" तो किरणांचा लेझर नव्हे मावशी, फुरसतीचा लेझर. फुरसतीची बॅटरी! नाव ऐकून वाटतं की बॅटरी आरामखुर्चीत बसून चहा पीत असेल. प्रत्यक्षात बोटीवर सगळ्यात जास्त राबते ती हीच.

ज्यांना आमची बोट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट नावाच्या लांबुळक्या, जेमतेम सात फूट रुंदीच्या बोटी असतात. आमची एक जुनी आहे, ग्रँड युनियन कालव्यावर. एकेकाळी या आकाराच्या बोटी घोडे ओढायचे आणि त्यातून कोळसा जायचा. मागच्या दहा फुटी केबिनमध्ये नवरा-बायको-मुलं सगळी राहायची, उजेडाला रॉकेलचा दिवा. पुढे घोड्याच्या जागी इंजिन आलं, मग रेल्वे आणि रस्त्यांनी धंदा खाल्ला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळजवळ संपली. त्यानंतर कालव्यांवर आली ती आमच्यासारखी हौशी मंडळी. हौशी माणसाला दिवा लागतो, फ्रिज लागतो, नळाला पाणी चढवायला पंप लागतो आणि मोबाईलही चार्ज करावा लागतो. म्हणून इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि घर चालवायची वेगळी. दुसरीचं नाव लेझर.

आपल्याकडे जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी असते ना, तिची ही सख्खी बहीण. गाडीच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. तिला दोन-चार सेकंद जोरात धावायचं असतं, मग अल्टरनेटर तिला लगेच भरून देतो. लेझरच्या प्लेटा जाड. ती हळूहळू, रात्रभर रिकामी होते. पण तिलाही निम्म्याच्या खाली वारंवार नेलं आणि तशीच उपाशी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ती कामातून जाते. आमच्या चारही अशाच गेल्या, चार वर्षांत. चूक आमचीच. हिवाळ्यात बोटीवर कमी गेलो आणि सोलरवर विसंबलो. इंग्लंडात, डिसेंबरात! असो.

आता मूळ गोष्ट. चार वर्षांपूर्वी मी या बॅटऱ्या पहिल्यांदा बदलल्या तेव्हा बाबांना आधी फोन केला होता. बाबांची सारी नोकरी एका बस डेपोच्या बॅटरी रूममध्ये गेली. माझ्या लहानपणीची त्यांची आठवण म्हणजे भोकं पडलेली खाकी पँट. ॲसिडचा थेंब पडला की लगेच काही दिसत नाही. पँट धुतली की त्या जागी चाळण. आई म्हणायची, पगार सरकारचा आणि कापड माझं.

मी विचारलं, "बाबा, आधी निगेटिव्ह काढायची ना?" सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. बाबा म्हणाले, "निगेटिव्ह-बिगेटिव्ह नंतर. आधी अर्थ कुठला ते बघ. आणि त्या बांगड्या काढून ठेव."

मला वाटलं बाबांचं वय झालं. मी बांगड्या काढल्या (आजीच्या, सोन्याच्या दोन), त्यांनी सांगितलं म्हणून. निगेटिव्ह मात्र काढली नाही, कारण पॉझिटिव्ह हाताशी होती. पाना लावला, अर्धा फेरा दिला आणि पान्याचं दुसरं टोक बॅटरीच्या लोखंडी ट्रेला टेकलं.

आवाज फटाक्याचा. डोळ्यांसमोर निळं, मग काहीच नाही. पाना हातातून उडाला म्हणून वाचले. तो अजून माझ्याकडे आहे, टोकाचा चिमटीभर तुकडा गायब असलेला. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून आपण बेफिकीर असतो, पण असली बॅटरी थेट जोडली गेली तर हजारावर अँपिअर सहज सोडते. लोखंड वितळवायला तेवढं पुरतं. मग सोन्याची बांगडी किती वेळ टिकली असती? आणि बांगडीच्या आतला हात? बाबांच्या डेपोत एकाची अंगठी अशीच टर्मिनल आणि चासीच्या मधे सापडली होती. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि फार सविस्तर नाही.

त्या दिवसापासून मी "आधी निगेटिव्ह" या नियमाचं मूळ शोधत बसले.

कारण अगदी सोपं आहे. आमच्या बोटीचं सगळं अंग पोलादाचं आणि बॅटरीची निगेटिव्ह त्या अंगाला बांधलेली. म्हणजे सगळी बोटच निगेटिव्ह टर्मिनल. पॉझिटिव्हवर पाना असताना तो कुठेही टेकला तरी मंडल पूर्ण. तेच निगेटिव्ह आधी सोडवली तर पाना बोटीला टेकून काही होत नाही, तो आधीपासून त्याच बाजूचा असतो. आणि एकदा ती सुटली की पॉझिटिव्हवरचा पाना कुठेही टेकू दे, परतीचा रस्ताच नाही. (दोन टर्मिनलांच्या मधे मात्र तो तेव्हाही पडता कामा नये.)

मग बाबा "अर्थ बघ" का म्हणाले? तर डेपोच्या आधी ते पोरसवदा असताना कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये हेल्पर होते आणि तिथे मॉरिस मायनर यायच्या. एकेकाळी बऱ्याच ब्रिटिश गाड्यांची पॉझिटिव्ह अंगाला बांधलेली असे. साठच्या दशकात अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टरचे रेडिओ आले, आणि त्या सुमारास हळूहळू सगळे निगेटिव्हकडे वळले. म्हणजे बाबा ज्या वयात शिकले त्या वयात बरोबर उत्तर होतं "आधी पॉझिटिव्ह". निगेटिव्ह पाठ केलेल्या माणसाने मॉरिसवर माझ्यासारखाच फटाका फोडला असता. आधी अर्थ काढायचा, मग बाकीचं. मराठीत हे वाक्य फारच छान बसतं, पण बाबांनी ते काही कोटी म्हणून केलं नव्हतं.

यानंतर मला नादच लागला. बोटीत बॅटरी ठेवायची हौस माणसाला कधीपासून? तर १८३८ पासून. सेंट पीटर्सबर्गला याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने नेवा नदीवर विजेच्या मोटरीची बोट चालवून दाखवली. पुढच्या वर्षी त्याने ग्रोव्हच्या बॅटऱ्या वापरल्या. त्यात नायट्रिक ॲसिड असतं आणि तपकिरी विषारी धूर सुटतो. बोटीतली पहिली बॅटरी आणि बोटीतला पहिला वायू, दोन्ही एकदमच आले म्हणा ना.

पुन्हा पुन्हा भरता येईल अशी बॅटरी मात्र १८५९ ची. फ्रान्समध्ये गॅस्टन प्लांतेने शिशाचे दोन पत्रे मधे पट्ट्या घालून सुरळी केले आणि गंधकाम्लात बुडवले. १८८१ च्या सुमारास कामीय फोरने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पत्र्यांवर थापायची युक्ती काढली, आणि मग ती धंद्याच्या उपयोगाची झाली. लगेच पुढच्या वर्षी, २८ सप्टेंबर १८८२ ला, 'इलेक्ट्रिसिटी' नावाची पंचवीस फुटी बोट टेम्सवर मिलवॉलहून लंडन ब्रिजपर्यंत गेली, पोटात ४५ सेल आणि वर चार माणसं. १८८८ मध्ये 'व्हायकाउंटेस बरी' आली, पासष्ट फूट लांब, ऐंशी प्रवासी. टेम्सच्या काठाने चार्जिंगची ठिकाणं उभी राहिली. पांढरे कपडे, छत्र्या, ना धूर ना आवाज. आज लोक विजेच्या गाडीचं चार्जिंग कुठे मिळेल म्हणून हैराण असतात, तेव्हा मला हे व्हिक्टोरियन लोक आठवून हसू येतं. पुढे पेट्रोलचं इंजिन आलं आणि ती मजा संपली.

बॅटऱ्या मग पाण्याखाली गेल्या, पाणबुडीत. आणि बंद डब्यात त्यांचं खरं रूप दिसलं. शिशाची बॅटरी भरत आली की आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बाहेर पडतात. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एका ठिणगीचं काम. शिवाय समुद्राचं पाणी ॲसिडमध्ये शिरलं तर क्लोरीन. त्यावर एडिसनने उपाय आणला: निकेल-लोखंडाची बॅटरी, ज्यात ॲसिडच नाही. त्यामुळे क्लोरीनचा धोका गेला आणि तिची सुरक्षित म्हणून जोरदार शिफारस झाली. अमेरिकेच्या ई-२ पाणबुडीत ती बसवली. १५ जानेवारी १९१६ ला ब्रुकलिनच्या नौदल गोदीत त्या बॅटऱ्यांची चाचणी चालू असताना पाणबुडीत स्फोट झाला आणि कामावरची माणसं गेली. हायड्रोजन! क्लोरीन टाळला, पण हायड्रोजन होताच, आणि हवा खेळती ठेवायची सोय अपुरी पडली.

हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यावं, तर आपल्याच नौदलाची आयएनएस सिंधुरक्षक. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला तिच्या बॅटरीच्या कप्प्यात आग लागली आणि एक नौसैनिक गेला. बॅटरीच्या सदोष व्हॉल्व्हमधून हायड्रोजन गळल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. (२०१३ साली मुंबईच्या गोदीत बुडाली ती हीच पाणबुडी. तो स्फोट वेगळा, त्यात १८ जण गेले.)

तिथे टनावारी बॅटऱ्या, आणि माझ्या बोटीत चार. पण हायड्रोजन तोच. तो सगळ्यात हलका, म्हणून वर साठतो. म्हणून बॅटरीच्या कप्प्याची झरोकी वरच्या अंगाला हवीत. स्वयंपाकाचा गॅस उलट जड, तो तळाशी बसतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला भोक खाली. एकाच बोटीत दोन वायू आणि दोघांचे स्वभाव सासू-सुनेचे. आमच्या आधीच्या मालकाने वरची झरोकी थंडी येते म्हणून फोमने बुजवली होती. आम्ही तो फोम पहिल्या वर्षी कौतुकाने पाहिला होता, किती व्यवस्थित काम म्हणून.

या खेपेला नवरा म्हणाला, लिथियम घालू. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणे फार सुरक्षित. हायड्रोजन सुटत नाही, वजन निम्म्याहून कमी आणि जवळजवळ पूर्ण रिकामी करता येते. हे सगळं खरं आहे. पण ई-२ डोक्यात बसलेली, त्यामुळे मी विचारलं की जुना धोका गेला तर नवा कुठला आला? तर दोन सापडले. ही बॅटरी इतकी अधाशी असते की साधा अल्टरनेटर तिला भरता भरता स्वतः जळू शकतो, मधे वेगळा चार्जर बसवावा लागतो. आणि शून्याखाली तापमान गेलं की तिला चार्ज करायचं नसतं, नाहीतर ती आतून खराब होते. आमची बोट जानेवारीत बिनमाणसाची, थंडगार. सगळं वायरिंग बदलायची तयारी नव्हती, तेव्हा पुन्हा शिसंच.

आता रविवारचं. आदल्या दिवशी चार्जर बंद केला, फळ्या उघडल्या आणि रात्रभर हवा खेळू दिली. सकाळी किनाऱ्याची वीज काढली. मग सोलरची पॅनेलकडची वायर आधी सोडवली, कारण पॅनेल जोडलेलं ठेवून बॅटरी काढली तर कंट्रोलर बिघडू शकतो. दिवे, फ्रिज, सगळं बंद केलं. मुख्य खटका बंद. तरीही मीटर लावून पाहिला तर एक तार जिवंत! बिल्ज पंपाची. बोटीत पाणी शिरलं तर आपोआप चालावा म्हणून तो खटक्याच्या आधीच जोडलेला असतो. खटका बंद म्हणजे सगळं बंद असं मानणारी मीच होते, चार वर्षांपूर्वी.

फोटो काढले, प्रत्येक केबलला चिठ्ठी बांधली. पान्याला टोकाएवढी जागा सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळली. चष्मा घातला, बांगड्या सिंकपाशी ठेवल्या. आणि मग अर्थ बघितला. केबलचा रंग बघून नव्हे, ती हातात धरून शेवटपर्यंत, जिथे बोटीच्या अंगाला बोल्टने आवळली आहे तिथपर्यंत गेले. काळीच होती. ती काढली आणि टोकाला जुना मोजा घातला. मग पॉझिटिव्ह.

एकेक बॅटरी पंचवीस किलोच्या वर. कंबर सांभाळत, दोघांनी मिळून, सरळ धरून काठावर नेल्या. चारही एकदम बदलल्या. एखादी बरी आहे म्हणून ठेवली तर जुनी नवीला आपल्याबरोबर म्हातारी करते. जोडताना उलटा क्रम: पॉझिटिव्ह आधी, अर्थ शेवटी. शेवटच्या जोडणीला बारीकशी ठिणगी उडते, म्हणून तोवर सगळे खटके बंद आणि फळ्या उघड्या. पट्ट्यांनी बांधल्या, टर्मिनलवर टोप्या घातल्या, व्हॅसलीन लावलं. शिशाला भंगारात भाव असतो, त्यामुळे जुन्या बॅटऱ्या द्यायला गेलो तर उलट पैसे मिळाले.

संध्याकाळी दिवा लागला तसा बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, अर्थ कसा शोधला तेही. ते ऐकत होते. मग म्हणाले, "पाणी कितीला घालायचं? दर महिन्याला बघत जा."

म्हटलं, "बाबा, या सीलबंद आहेत. पाणी घालायचं नसतं. झाकणच नाही."

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "झाकणच नाही? मग बघायचं काय त्यात?"