वेदनाशामक गोळी आणि आतड्यातले भाडेकरू

उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेत भाजणी आणि मेतकुटाच्या शेजारी गोळ्यांची एक पिशवी हमखास असते. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, अंग दुखलं तर कॉम्बिफ्लॅम, आणि "पोटाला त्रास नको" म्हणून सकाळी अनशापोटी ओमेप्रॅझोल. इथे प्लेनोत औषधांच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा अशा पिशव्या पुष्कळ पाहिल्या. ही तिसरी गोळी आपण समजतो तेवढी राखण करते का, या प्रश्नापायी जुने शोधनिबंध चाळायचा नाद लागला. त्यातूनच ही हकिगत.

सुरुवात ॲस्पिरिनपासून. १८९७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमनने ते शुद्ध स्वरूपात बनवलं आणि १८९९ मध्ये ते बाजारात आलं. आधीचं सॅलिसिलिक ॲसिड पोटाला फार झोंबायचं, त्यामानाने हे सौम्य, म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे १९३८ साली लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी रुग्णांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिलं, तर ॲस्पिरिनने अस्तर लालबुंद झालेलं! याचं कारण १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी उलगडलं. शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स नावाची द्रव्यं दुखणं वाढवतात आणि तीच जठराचं अस्तरही सांभाळतात. गोळी दोन्ही कामं एकदम बंद पाडते. व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं. (क्रोसिन किंवा टायलेनॉल ही जात वेगळी, तिची भानगड इथे नको.)

आता गोम अशी, की दुर्बीण जेमतेम जठर आणि त्यापुढच्या वळणापर्यंत पोचायची. त्यापलीकडचं वीसएक फूट लहान आतडं अंधारातच. जे दिसतं त्यावरच इलाज होणार! जखम जठरात दिसली, तिथे ॲसिड असतं, तेव्हा ॲसिड कमी करा. ओमेप्रॅझोल वगैरे आली आणि जठरातले अल्सर खरंच कमी झाले. पण १९९२ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी ७१३ शवविच्छेदनांचा हिशेब मांडला. या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्क्यांच्या लहान आतड्यात व्रण होते, न घेणाऱ्यांत ०.६ टक्के.

जिवंत माणसात हे दिसायला गिळायचा कॅमेरा यावा लागला. २००१ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. आणि २००५ मधला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या टेक्ससमधलाच, इथून आय-४५ ने चार तासांवरच्या ह्यूस्टनचा. डॉ. डेव्हिड ग्रॅहॅम यांनी किमान तीन महिने रोज गोळ्या घेणाऱ्या २१ संधिवाताच्या रुग्णांना कॅमेरा गिळायला दिला. १५ जणांच्या आतड्याला इजा, त्यातल्या ५ जणांना मोठी. गोळ्या न घेणाऱ्या २० जणांत फक्त दोघांना, तीही किरकोळ. (व्हायॉक्स प्रकरणी २००४ मध्ये सिनेटपुढे साक्ष देणारे एफडीएचे डेव्हिड ग्रॅहॅम ते हे नव्हेत.) असं आतडं दुखेलच असं नाही. थेंबथेंब रक्त जात राहतं, हिमोग्लोबिन उतरतं, आणि आपण म्हणतो, "आई शाकाहारी आहे ना, वयही झालं."

पण लहान आतड्यात जठरासारखं ॲसिड नाही, मग इजा होते कशी? याचा धागा १९७७ सालीच सापडला होता. मिशिगनमधल्या कालामझू गावी आंद्रे रॉबर्ट यांनी जन्मापासून जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना इंडोमेथॅसिन दिलं. साध्या उंदरांची आतडी त्याने चाळणीसारखी होत, यांच्या आतड्यांना फारसं काही झालं नाही. म्हणजे आतड्यातल्या भाडेकरूंचा, जिवाणूंचा, यात हात होता. यकृत हे औषध एका साखरेला बांधून पित्तावाटे बाहेर टाकतं. काही जिवाणू आपल्या एन्झाइमने ती गाठ सोडतात आणि मोकळं झालेलं औषध पुन्हा आतड्यावर येतं. कचऱ्याची पिशवी रस्त्यात फोडावी तसं.

२०११ मध्ये कॅनडात जॉन वॉलेस यांच्या चमूने याच्याही पुढची गोष्ट दाखवली. उंदरांना वेदनाशामकाबरोबर ओमेप्रॅझोल दिलं तर जठर वाचलं, पण लहान आतड्याची इजा वाढली! ॲसिड कमी झाल्यावर आतड्यातली वस्ती बदलली होती, बिफिडोबॅक्टेरिया घटले होते. ते परत भरल्यावर इजा टळली. हे उंदरांतलं आहे. माणसाच्या जठराला ओमेप्रॅझोलचा उपयोग होतोच, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली ती गोळी किंवा हृदयासाठीची ॲस्पिरिन हा लेख वाचून कुणी आपल्या मनाने बंद करू नये.

माणसांवरचा एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी स्वयंसेवकांना सहा आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, निम्म्यांना जोडीला बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हेचा बिफ१९५ हा वाण दिला. कॅमेऱ्यात त्यांच्या लहान आतड्याची इजा कमी दिसली.

हे सांगितलं की आपल्याकडच्या काकू लगेच म्हणतात, "म्हणजे आपलं ताकच की!" नाही हो काकू. ताकातले जिवाणू दूध आंबवणाऱ्या दुसऱ्याच घराण्यातले. प्रयोगात होता तो एकच ठरावीक वाण, आणि तो घरच्या विरजणात नसतो.