घोडामैदान जवळच आहे! दोहाच्या शर्यतीत घोडा कसा निवडावा



हिवाळा सुरू झाला की उम्म सलाल मोहम्मद आणि आसपास राहणाऱ्या सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो. शर्यती बघायला मुलांना घेऊन जायचं आहे, पण तिथे जाऊन बघायचं काय? सगळे घोडे सारखेच दिसतात, दोन-अडीच मिनिटांत शर्यत संपते आणि कोण जिंकलं ते कळेपर्यंत पुढचे घोडे मैदानात येतात. रेसकोर्स म्हटलं की आपल्याला महालक्ष्मी आठवते आणि महालक्ष्मी म्हटलं की कोणीतरी 'रेसमध्ये घालवलेला' काका आठवतो. त्यामुळे बऱ्याच घरांत या विषयाची माहिती फारशी कोणी करून घेतलेली नसते. म्हणून हा लेख.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कतारमध्ये जुगार हा कायद्याने गुन्हा आहे. रेसकोर्सवर पैसे लावण्याच्या खिडक्या नाहीत. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निकाल दिला, त्यामुळे तिकडे परवाना असलेल्या रेसकोर्सवर पैसे लावता येतात. तो युक्तिवाद इथे चालत नाही. इथून फोनवरून मुंबईच्या बुकीकडे लावणं, मोबाईलवरच्या परदेशी संकेतस्थळावर लावणं, इतकंच काय, सहलीच्या बसमध्ये 'गंमत म्हणून' दहा-दहा रियाल गोळा करून जिंकणाऱ्याला देणं, हे काहीही करू नये. गंमत दहा रियालची, पण प्रश्न नोकरीचा आणि रहिवासी परवान्याचा होऊ शकतो. आपल्यातल्या उत्साही मंडळींनी हे जरा मनावर घ्यावं.

पैसे नसले तर मजा काय, असं काहींना वाटेल. माझं मत उलट आहे. पैसे लावणारा माणूस घोड्याकडे बघतच नाही, तो भावाच्या फळ्याकडे बघतो. इथे तो फळाच नाही. कोणता घोडा सगळ्यांचा आवडता आहे हे सांगणारं कोणी नाही, त्यामुळे निवड करायची तर कार्ड वाचावं लागतं आणि घोडा बघावा लागतो.

कुठे आणि केव्हा

मुख्य मैदान म्हणजे कतार रेसिंग अँड इक्वेस्ट्रियन क्लबचं अल रय्यान रेसकोर्स. ते अल फुरुसिया रस्त्यावर आहे, आणि फुरुसिया म्हणजेच अश्वविद्या, तेव्हा पत्ता विसरायची सोय नाही. अल खोरजवळच्या अल उक्दा इथेही शर्यती होतात. उम्म सलालकरांसाठी एक मैदान दक्षिणेला आणि दुसरं उत्तरेला, म्हणून गाडी काढण्याआधी त्या दिवसाच्या शर्यती कुठे आहेत ते नक्की बघा. हंगाम साधारण ऑक्टोबरअखेरीपासून वसंतापर्यंत चालतो. फेब्रुवारीच्या मध्याला अमीर तलवार महोत्सव असतो. तो तीन दिवसांचा असून शेवटच्या दिवशी दोन मोठ्या शर्यती होतात: थरोब्रेड घोड्यांची अमीर ट्रॉफी आणि शुद्ध अरबी घोड्यांची अमीर तलवार. दोन्ही २४०० मीटरच्या, हिरवळीवर. (आपली इंडियन डर्बीसुद्धा २४०० मीटरचीच.) शहानियाला होतात त्या उंटांच्या शर्यती. तिथे उंटावर यंत्रमानव बसवलेले असतात. तो वेगळा विषय.

घोडे दोन जातींचे

दोहाच्या कार्डावर पहिली गोष्ट बघायची ती ही, की शर्यत अरबी घोड्यांची आहे की थरोब्रेडची. मुंबई-पुण्याला आज फक्त थरोब्रेड धावतात, त्यामुळे तिकडून आलेल्या जाणकारांचीसुद्धा इथे फसगत होते. थरोब्रेड जास्त वेगवान आणि लवकर वयात येणारा. इंग्लंडमध्ये ही जात तयार झाली ती पूर्वेकडून नेलेल्या घोड्यांपासून. त्यांतला डार्ली अरेबियन १७०४ साली अलेप्पोहून गेला. अरबी घोडा वेगात कमी, पण चिवट, आणि तो उशिरा भरात येतो. अमीर तलवारीत चार वर्षांच्या आतले घोडे घेतच नाहीत. म्हणून अरबी शर्यतीत सहा-सात वर्षांचा घोडा दिसला तर 'म्हातारा' म्हणून त्याच्यावर काट मारू नका.

यातच मुलांसाठी एक गंमत आहे. लहान मुलं नेहमी पांढरा घोडा निवडतात. पांढरे दिसणारे घोडे बहुतेक जन्मतः गडद रंगाचे असतात आणि वयानुसार पांढरे होत जातात. अरबी घोड्यांत हा रंग पुष्कळ आढळतो. म्हणजे अगदी पांढराशुभ्र घोडा निवडणारी तुमची पाच वर्षांची मुलगी नकळत अनुभवी घोडा निवडत असते. तिला हसू नका.

जाता जाता, एकोणिसाव्या शतकात आखातातून अरबी घोडे जहाजाने मुंबईला विकायला येत. १८८३ साली महालक्ष्मीचं मैदान सुरू होण्यापूर्वी शर्यती भायखळ्याला होत. घोडे तेव्हा तिकडे गेले, आपण आता इकडे आलो.

कार्ड वाचताना

प्रत्येक घोड्यासमोर वय, वजन, रेटिंग, सुटण्याच्या फाटकाचा क्रमांक, जॉकी, ट्रेनर आणि मागच्या काही शर्यतींतले क्रमांक दिलेले असतात. या क्रमांकांत शून्य म्हणजे पहिल्या नवांत न आलेला. सगळ्यांत ताजा आकडा कोणत्या टोकाला आहे ते आधी तपासा. फ्रान्समध्ये तो डावीकडे छापतात, इंग्लंडमध्ये उजवीकडे. उलट वाचलं तर सुधारत चाललेला घोडा घसरत चाललेला दिसेल!

नुसत्या क्रमांकांवर मात्र जाऊ नये. मोठ्या शर्यतीतला चौथा हा छोट्या शर्यतीतल्या पहिल्यापेक्षा सरस असू शकतो. याचं उत्तम उदाहरण कतारच्याच मालकीच्या घोडीचं आहे. शेख जोआन अल थानी यांच्या ट्रेव्हने २०१३ साली पॅरिसची आर्क द ट्रिओंफ जिंकली. २०१४ मध्ये ती ओळीने तीन शर्यती हरली आणि 'संपली' असं लोक म्हणू लागले. त्याच वर्षी तिने पुन्हा आर्क जिंकली. त्या तीन पराभवांत ती दुसरी, तिसरी आणि चौथी आली होती, आणि तेही अव्वल घोड्यांपुढे. कार्डावर २-३-४ दिसलं तर कोणाकडून हरली, हे विचारायला हवं.

मोठ्या शर्यतीत मी एकच प्रश्न विचारतो: हा घोडा याच अंतरावर, हिरवळीवर, याच तोडीच्या घोड्यांपुढे कधी जिंकला आहे का? २०२३ ची अमीर ट्रॉफी हाँगकाँगहून आलेल्या रशियन एम्पररने जिंकली. २०२२ मध्ये त्याने तिकडची २४०० मीटरची चॅम्पियन्स अँड चेटर कप जिंकलेली होती. २०२४ मध्ये जिंकला रेबेल्स रोमान्स. तो २०२२ ची ब्रीडर्स कप टर्फ जिंकून बसलेला, अंतर पुन्हा तेच. दोहा जिंकल्यावर पुढच्याच महिन्यात त्याने दुबईची शीमा क्लासिकही मारली. दोन्ही वेळी उत्तर कार्डातच होतं. अर्थात दरवर्षी इतकं सोपं नसतं. पण असा पुरावा नसलेला घोडा मी तरी या शर्यतीत निवडणार नाही, मग त्याने १६०० मीटरला कितीही धुमाकूळ घातलेला असो.

हँडिकॅप शर्यतीचं गणित वेगळं. तिथे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सगळ्यांना मुद्दाम सारखं केलेलं असतं. ढोबळमानाने दीड किलो म्हणजे एका घोड्याच्या लांबीइतका फरक धरतात. पंधरा-सोळा घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये विजेता छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तिथे तीन घोडे निवडा आणि त्यांतला एक पहिल्या तिघांत आला तरी स्वतःची पाठ थोपटून घ्या. छोट्या अंतराच्या शर्यतीत वळण लवकर येत असेल तर बाहेरच्या फाटकातून सुटणाऱ्याला जादा पळावं लागतं, तेही लक्षात घ्या.

आणखी एक खूण, जी दोहात फार उपयोगी पडते. इथे मोठे मालक थोडे, त्यामुळे एकाच मालकाचे दोन-तीन घोडे एका शर्यतीत असतात. जॉकींचे कपडे सारखे, फरक टोपीच्या रंगात. अशा वेळी मालकाचा नेहमीचा जॉकी कोणत्या घोड्यावर बसला आहे ते बघा. घरच्या माणसाला घरचं जास्त ठाऊक असतं. चुकतो तोसुद्धा, पण आपल्यापेक्षा कमी.

पॅडॉकजवळ उभे राहा

शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात ती जागा म्हणजे पॅडॉक. बहुतेक कुटुंबं खुर्च्या धरून बसतात आणि ही सर्वांत चांगली गोष्ट चुकवतात. चाल मोकळी आहे का, मागचे पाय लांब पडतात का, कातडी तुकतुकीत आहे का, हे बघा. हवेत गारवा असताना मानेवर आणि मागच्या पायांच्या मध्ये फेसाळ घाम असेल तर घोडा अस्वस्थ आहे, शर्यत तो इथेच पळून चुकला. अरबी घोडा शेपटी उंच धरून नाचत चालतो. ती त्याची तऱ्हा आहे, घाबरलेपणा समजू नका. पहिल्यांदाच धावणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीत तर कार्डात सांगण्यासारखं काहीच नसतं, तिथे पॅडॉक हाच आधार. गावाकडे शंकरपटाला किंवा बैलगाडा शर्यतीला गेलेल्या आजोबांना सोबत न्या. ते घाटात बैलाचे खूर आणि खांदा बघायचे, त्यांची नजर इथेही चालते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यावर त्यांना झालेला आनंद आठवत असेलच.

घरच्यांचा खेळ असा करता येईल: प्रत्येकाने पॅडॉक बघून घोडे फाटकाकडे जाण्याआधी कागदावर एक नाव आणि एक कारण लिहायचं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. कारण न लिहिणाऱ्याला शून्य. हरणाऱ्याने घरी गेल्यावर चहा करायचा.

शर्यती संध्याकाळी, दिव्यांच्या प्रकाशात संपतात. फेब्रुवारीत वारा बोचरा असतो, तेव्हा मुलांचे स्वेटर आणि जमल्यास एक दुर्बीण गाडीत ठेवा. महोत्सवाच्या दिवशी गर्दी आणि प्रवेशाचे नियम वेगळे असू शकतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्या आणि पहिल्या शर्यतीच्या अर्धा तास आधी पोहोचा, म्हणजे पॅडॉकच्या कठड्याला जागा मिळेल.