वृद्धाश्रम : एका संज्ञेचा आणि शुश्रूषेचा इतिहास

‘वृद्धाश्रम’ हा शब्द मराठीत आज इतका रुळला आहे की, तो पुरातन असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्यातील दोन्ही पदे प्राचीन असली तरी समास अर्वाचीन आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातील गृहस्थ अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड दिसले म्हणजे आपण होऊन वनाकडे निघतो. पत्नीस बरोबर न्यावे की पुत्रांवर सोपवावे हाही निर्णय त्याचाच. तेथे वृद्ध हा वाक्याचा कर्ता आहे. आज आपण ‘आईला आश्रमात ठेवले’ असे म्हणतो, तेव्हा तो कर्म झालेला असतो. ‘आश्रम’ शब्द ‘श्रम्’ धातूपासून आणि ‘आश्रय’ शब्द ‘श्रि’ धातूपासून आलेला आहे. परंतु लोकव्यवहारात पहिल्याने दुसऱ्याचा अर्थ केव्हाच पोटात घेतला. या अर्थांतराचा शुश्रूषेच्या दर्जाशी काही संबंध आहे काय, हे येथे तपासावयाचे आहे.

महाराष्ट्रातील या प्रकारच्या जुन्या संस्थांत पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह अग्रगण्य होय. त्याची स्थापना 1863 सालची. त्याच साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि कर्जत-खालापूरचा मुलूख मुंबई व पुणे या दोन्ही शहरांच्या टप्प्यात आला. ‘अनाथ’ आणि ‘पंगु’ ही दोन्ही विशेषणे न्यूनतादर्शक आहेत. ज्याला नाथ नाही व ज्याचे पाय चालत नाहीत त्यास अन्न व छप्पर द्यावे, एवढीच त्या काळच्या दातृत्वाची कल्पना. ती क्षुद्र मानण्याचे कारण नाही. तीच संस्था पुढे ‘निवारा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दरम्यान 1896 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासारख्या संस्थांमुळे ‘आश्रम’ पदास सेवासंस्थेचा अर्थ स्थिरपणे प्राप्त झाला.

शासनाने स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची वृद्धाश्रम योजना 1963 मध्ये आखली. साठ वर्षांवरील निराश्रित पुरुष व पंचावन्न वर्षांवरील स्त्रिया तिच्या कक्षेत येतात. पुढे 2007 च्या केंद्रीय अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी एक गृह असावे अशी तरतूद केली. मात्र ती राज्य शासन स्थापन ‘करू शकेल’ अशा विध्यर्थात. कायद्याच्या भाषेत ‘शकेल’ आणि ‘करील’ यांतील अंतर किती, हे सांगणे नलगे. गृहांची नोंदणी व किमान दर्जा यांविषयीच्या तरतुदी असलेले दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेपुढे आले, पण त्या लोकसभेच्या मुदतीत ते संमत झाले नाही. शय्यांची संख्या मोजणे सोपे, शुश्रूषा मोजणे कठीण. इंग्लंड व वेल्समधील 173 गृहांना भेटी देऊन पीटर टाउनसेंड यांनी 1962 मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ लिहिला. इमारत धडकी असूनही माणसाचा एकांत, त्याचे व्यवसाय आणि त्याची नाती कशी गळून पडतात, हे त्यांनी दाखविले.

कर्जत व खालापूर या तालुक्यांत खोपोलीच्या रमाधामसारखी गृहे उभी राहिली याचे कारण भूगोलात आहे. माथेरानच्या पायथ्याची हवा, शहराच्या मानाने स्वस्त जमीन, आणि आगगाडी. परंतु अंतराचा परिणाम दुहेरी असतो. कर्जतहून मुंबईस जाण्यास सुमारे दोन तास लागतात. मुलगा आठवड्याचा महिन्यावर येतो, पुढे केवळ पैसे येतात. रात्री एखाद्या वृद्धेचे मांडीचे हाड मोडले तर वाहन पनवेलकडे धावावयाचे. ज्याला स्वतः कूस पालटता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी पालटली नाही तर शय्याव्रण होतात. हे काम रात्रपाळीच्या दोन हातांवर अवलंबून असते, भिंतीवरील दात्यांच्या नावांच्या पाटीवर नव्हे.

कर्जत तालुक्यातील एका गृहाची प्रवेशवही प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. ‘दाखल करणाराचे नाव’, ‘नाते’, ‘आजार’, ‘अनामत’ असे रकाने होते. येणाऱ्याची संमती, त्याची बोली, त्याला काय म्हणून हाक मारावी, यांसाठी रकाना नव्हता. तेथील सेविका साऱ्या स्त्रियांना ‘आजी’ म्हणत. प्रेमाने म्हणत, यात शंका नाही. पण चाळीस वर्षे शाळेत शिकविलेल्या एक बाई त्या हाकेला ओ देत नसत, आणि वहीत त्यांच्या नावापुढे ‘ऐकू कमी येते’ असा शेरा पडला होता. एका पोरसवदा ठाकूर सेविकेने एकदा ‘बाई’ म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांनी मान वळविली. हा प्रसंग लहान खरा, परंतु अशाच नोंदीवरून पुढे औषध ठरते.

कर्जतजवळच डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानाचे केंद्र आहे; 2018 मध्ये वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे येणारा रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण असतो, आणि उपचारानंतर त्याला स्वगृही पोहोचविणे हे कार्याचे साध्य होय. वृद्धगृहाला ही कसोटी लागू पडत नाही. तेथून सहसा कोणी परत जात नाही. म्हणून तेथील शुश्रूषेचा दर्जा मुक्कामाच्या दिवसांतच शोधावा लागतो : जेवण किती वाजता, दार आतून लावता येते की नाही, पत्र किंवा दूरध्वनी कोणापुढे करावा लागतो.

एक गोष्ट मात्र या इतिहासातून निसटते. या गृहांतील बहुतेक निवासी शहरांतून आलेले. त्यांच्या कुंपणापलीकडील कातकरी वाडीतून पावसाळा सरल्यावर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि चालू न शकणारी म्हातारी माणसे मागे उरतात. शेजारीण पेज आणून देते. तीही भट्टीवर गेली म्हणजे त्या घरापुढे कोण थांबते, याची वही कोणी ठेवीत नाही.