वाकळ आणि वेटेड ब्लँकेट: जड पांघरुणाने खरंच चांगली झोप लागते का?

थंडी पडली की रेणापूर परिसरातल्या अनेक घरांत आजही वाकळी बाहेर निघतात. ज्यांना वाकळीची सवय आहे, त्यांना हलकं ब्लँकेट घेतलं तर अंगावर काही घेतल्यासारखंच वाटत नाही. अंगावर भार असला की शांत वाटतं, याच कल्पनेवर गेल्या काही वर्षांत एक नवं पांघरूण बाजारात आलं आहे: वेटेड ब्लँकेट. ते घ्यावं का?

वेटेड ब्लँकेट म्हणजे काय?

दुहेरी कापडात छोटे चौकोनी कप्पे शिवून त्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकचे दाणे भरतात. कप्प्यांमुळे भार एका बाजूला गोळा होत नाही. ब्लँकेट आपल्या वजनाच्या सुमारे १० टक्के असावं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ किलोचं, असं विक्रेते सांगतात. हा ढोबळ हिशेब आहे, वैद्यकीय नियम नव्हे.

मग वाकळीत वेगळं काय?

जुनी सुती लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून धावदोरा घातला की वाकळ तयार होते. थर सरकू नयेत म्हणून जवळजवळ टाके घालतात. ब्लँकेटमध्ये हेच काम कप्पे करतात. फरक वजनाच्या स्रोतात आहे. वाकळीचं वजन कापडाच्या थरांचं असतं, त्यामुळे ती जितकी जड तितकी उबदार. मण्यांमुळे कापड न वाढवता वजन वाढवता येतं.

अभ्यास काय सांगतात?

स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य, चिंता असे मानसिक आजार आणि निद्रानाश असलेले १२० रुग्ण होते. काहींना ६ ते ८ किलोचं, तर काहींना दीड किलोचं पांघरूण दिलं. चार आठवड्यांनी जड पांघरूणवाल्यांचा निद्रानाश जास्त कमी झालेला दिसला. मात्र ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवरच्या २०१४ सालच्या अभ्यासात झोपेचा वेळ वाढला नाही. मुलांना आणि पालकांना ते ब्लँकेट आवडलं, एवढंच. म्हणजे फायदा सगळ्यांना होईलच असं नाही.

मराठवाड्यात अडचण कुठे?

उन्हाळ्यात. झोप लागताना शरीराचं तापमान थोडं उतरतं आणि हातापायांतून उष्णता बाहेर पडते. जाड पांघरूण ती अडवतं. बाजेवर झोपलं की विणीतून खालूनही हवा लागते, माळवदावर मोकळा वारा असतो. तापलेल्या पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली यातलं काही मिळत नाही. त्यामुळे इथे चालेल असं जड पांघरूण बनवायचं तर पातळ सुती कापड, कमी थर आणि धुण्यासाठी काढता येणारी खोळ हवी. आतले मणी जड असले तरी बाहेरचं कापड पॉलिस्टरचं असेल, तर घाम येणारच.

कोणी वापरू नये?

तान्ह्या बाळावर जड पांघरूण घालू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली हे स्पष्ट सांगितलं आहे. ज्याला पांघरूण स्वतःहून बाजूला सारता येत नाही, अशा लहान मुलासाठी किंवा अशक्त वृद्धासाठीही ते धोक्याचं आहे. दमा असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

विकत घेण्याआधी सोपा प्रयोग करा. घरातली वाकळ काट्यावर ठेवून वजन बघा आणि थंडीत आठवडाभर तीच पांघरा. भार सोसवत नसेल, तर वेटेड ब्लँकेटवरचा खर्च वाचेल.